कुंडीतलं अंजीर, कडक ऊन आणि अडकून बसलेली फळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंजिराचं तीन वर्षांचं झाड, साधारण ४० लिटरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, दिवसभर ऊन असलेल्या गच्चीवर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. फळं भरपूर लागतात, सुपारीएवढी होतात आणि तिथेच अडकून बसतात. काही पिवळी पडून गळतात. जी मोजकी पिकतात ती आतून कोरडी, नाहीतर फुटून आंबलेली निघतात. खत वाढवलं, पाणी वाढवलं, तर पानं तेवढी मोठी झाली.

उत्तर मोठं होणार आहे, म्हणून गाभा आधीच सांगतो. उष्ण हवेत कुंडीतलं अंजीर पिकता पिकता थांबतं, ते बहुतेक वेळा मुळं तापल्यामुळे. लक्षण फळावर दिसतं, पण दुखणं कुंडीच्या भिंतीला चिकटलेल्या मुळांत असतं. खतं आणि फवारण्या यांचा विचार त्यानंतर.

आता फळ 'अडकतं' म्हणजे काय होतं ते बघू. अंजीर हे खरं म्हणजे आत वळलेला फुलोरा आहे. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला असतात आणि बाहेर जाण्याची वाट म्हणजे फळाच्या टोकाचं छोटं छिद्र. हे फळ तीन टप्प्यांत वाढतं. पहिल्या टप्प्यात भराभर फुगतं. दुसऱ्या टप्प्यात आकार जवळजवळ बदलतच नाही, हिरवं आणि टणक राहून ते आठवडेच्या आठवडे काढतं. तिसऱ्या टप्प्यात थोड्याच दिवसांत ते फुगतं, रंग धरतं, मऊ पडतं. फळात जमणाऱ्या साखरेचा सुमारे ९० टक्के आणि कोरड्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग या शेवटच्या टप्प्यात येतो. त्यामुळे मधली थांबलेली अवस्था बघून घाबरायचं कारण नाही, ती प्रत्येक अंजिरात असते. घाईने खत-पाणी वाढवलं म्हणून ती संपत नाही.

खरी परीक्षा शेवटच्या टप्प्याची. त्या थोड्या दिवसांत झाडाला प्रचंड साखर तयार करून फळात ढकलायची असते. त्यासाठी धडधाकट पानं हवीत आणि त्या पानांना पाणी पुरवणारी जिवंत मुळं हवीत. नेमक्या त्याच दिवसांत मुळं भाजली किंवा पानं गळाली, तर झाड फळं सोडून देतं आणि स्वतःला वाचवतं. तुमची पिवळी पडून गळणारी फळं म्हणजे झाडाने केलेला हाच हिशेब आहे.

मुळांकडे जाण्याआधी एक खात्री मात्र करून घ्या: झाडाची जात कोणती? घरगुती लागवडीत मिळणारी बहुतेक अंजिरं परागीभवनाशिवाय पिकणारी असतात. ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन, कडोटा, कॉनाड्रिया, सेलेस्ट, व्हायोलेट द बोर्दो या सगळ्या तशा जाती. पण स्मिर्ना गटातल्या जातींना एका चिमुकल्या गांधीलमाशीने नर अंजिरातले परागकण आणून दिल्याशिवाय फळ टिकतच नाही. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात स्मिर्ना अंजिरं लावली गेली तेव्हा झाडं उत्तम वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळत राहिली. १८९९ मध्ये ती माशी तिथे स्थिरावली आणि मगच पीक हाती आलं. तुमचं झाड सुक्या अंजिराच्या बीपासून उगवलेलं असेल तर अशीच शक्यता आहे, शिवाय ते नरझाडही निघू शकतं. कलमाचं किंवा खात्रीच्या फांदीपासून केलेलं असेल, आणि मोजकी का होईना पण फळं पिकत असतील, तर जात ठीक आहे. तुमच्या वर्णनावरून मला जात ठीक वाटते.

वयाचा मुद्दाही इथेच संपवतो. पहिल्या एक-दोन वर्षांत लागलेली फळं गळणं स्वाभाविक असतं. तिसऱ्या वर्षी मात्र झाडाकडून अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता मुळं. जमिनीतल्या झाडाची मुळं वीतभर खाली गेली की त्यांना उन्हाचा त्रास उरत नाही. कुंडीत उलटं होतं. मुळं बाहेरच्या बाजूला पळतात आणि भिंतीलगत गोल फिरत राहतात. म्हणजे सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी सगळ्यात जास्त मुळं असतात. दुपारच्या उन्हात काळ्या कुंडीच्या सूर्याकडच्या बाजूचं आतलं मिश्रण ४५ अंशांच्या पुढे सहज जातं, कधी ५० ला टेकतं. मुळांची वाढ ३५ अंशांच्या पुढे मंदावते आणि ४० च्या पुढे त्यांना इजा होऊ लागते. शंका असेल तर स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडच्या कडेला, भिंतीपासून बोटभर आत खुपसून बघा. तो आकडा पाहिल्यावर पुढचं काही पटवून द्यावं लागत नाही.

अशी भाजलेली मुळं ओळखता येतात. कुंडीतून झाडाचा गड्डा, म्हणजे मातीसकट मुळांचा गोळा, काढला की पूर्वेकडच्या बाजूला पांढरी-पिवळसर ताजी मुळं दिसतात आणि पश्चिमेकडे तपकिरी, चिमटीत धरल्यावर साल सुटून येणारी. हे झाड रोज दुपारी अर्ध्या मुळांवर जगत असतं. संध्याकाळी तुम्ही भरपूर पाणी घालता, पण ते प्यायला मुळं कुठे आहेत?

यावरचे उपाय सगळे साधे आहेत आणि मी ते खताच्या कितीतरी आधी करायला सांगेन. सगळ्यात गुणकारी म्हणजे कुंडीत कुंडी. आताची कुंडी तिच्यापेक्षा मोठ्या कुंडीत किंवा पिंपात ठेवा आणि दोघांमध्ये तीन-चार बोटं जागा सोडा. ऊन बाहेरच्या भिंतीवर पडतं, आतली सावलीत राहते. बाहेरच्या कुंडीला तळाशी भोकं हवीतच. जागा किंवा दुसरी कुंडी नसेल तर काळ्या भिंतीला बाहेरून पांढरा रंग द्या, किंवा गोणपाटाचे दोन थर गुंडाळून ते दुपारी ओले ठेवा. पश्चिम आणि नैर्ऋत्येकडे लहान कुंड्यांची रांग लावली तरी फरक पडतो. त्या कुंड्यांत उष्णतेला न डरणारी झाडं ठेवा. कुंडी गच्चीच्या लादीवर थेट टेकवू नका. लादी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तीन विटांवर उचलून ठेवली की खालून हवा खेळते आणि भोकंही मोकळी राहतात. वरून वाळलेला पाला, गवत किंवा सालीचे तुकडे यांचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन द्या, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

मातीची कुंडी किंवा कापडी ग्रो बॅग वापरावी का, असं पुष्कळजण विचारतात. दोन्हींच्या भिंतींतून पाणी उडतं, त्यामुळे मुळं थंड राहतात, आणि कापडी पिशवीत मुळं गोल फिरत नाहीत. पण ४० अंशांच्या कोरड्या वाऱ्यात ती पिशवी इतक्या झपाट्याने सुकते की ठिबकाची सोय किंवा दिवसातून दोनदा हमखास पाणी घालणारं माणूस नसेल तर मी ती सुचवत नाही. तुमच्यासाठी फिक्या रंगाची, ५० ते ६० लिटरची जाड प्लास्टिकची कुंडी ठीक राहील.

कुंडीतलं मिश्रणही तितकंच बघावं लागतं. नुसती बागेतली माती कुंडीत दडपली की ती आवळते, हवा कोंडते, आणि तिच्यासोबत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी, यायची भीती असते. अंजिराची मुळं सूत्रकृमींना फार लवकर बळी पडतात. मुळांवर गाठी दिसल्या तर तेच समजायचं. मी साधारण निम्मा भाग भरड पदार्थ धरतो, म्हणजे कुजवलेल्या सालीचे तुकडे, परलाइट किंवा बारीक खडी, आणि उरलेल्या निम्म्यात कोकोपीट व चांगलं मुरलेलं कंपोस्ट. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. सगळ्याच्या वर दोन मुठी चुना किंवा जिप्सम. तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी साचणारा पट्टा खड्यांच्या थराच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

पाण्याबद्दल सांगताना माणसं आकडा मागतात: रोज किती लिटर? असा आकडा देता येत नाही, कारण तो पानांवर, वाऱ्यावर आणि कुंडीवर ठरतो. पद्धत सांगतो. बोट ५ सेंटिमीटर आत घाला. तिथे ओल लागत असेल तर थांबा, नसेल तर तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत घाला. थोडं थोडं वरवर घातलेलं पाणी वरचा थर भिजवतं आणि तळाची मुळं कोरडी ठेवतं. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर. पारा ४० च्या वर असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा एकदा तपासा. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम असतं. ते बाजूला सोडून द्या, थंड पाणी यायला लागलं की मग झाडाला घाला.

दुपारी दोन वाजता पानं मान टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. अंजिराची मोठी पानं भर उन्हात ओल्या मातीतही लोंबतात. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडत असतं. संध्याकाळपर्यंत ती सावरली तर सगळं ठीक. सकाळी उठल्यावरही लोंबलेलीच असतील तर खरी अडचण आहे, एकतर मुळं कोरडी आहेत किंवा पाण्यात बुडून कुजताहेत. बोट घातल्यावर कोणती ते कळतं.

एक फसवी गोष्ट कोकोपीटच्या कुंड्यांत होते. मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की ते आकसून भिंतीपासून सुटतं आणि पाणी आपलं कडेच्या फटीतून थेट खाली जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं भरपूर पाणी दिलं, भोकांतून वाहिलंसुद्धा, आणि गड्ड्याचा गाभा मात्र कोरडा ठणठणीत. तुमच्या 'पाणी वाढवलं तरी फळं गळतात' या तक्रारीमागे हे असू शकतं. कुंडी पाण्याच्या टबमध्ये अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग पूर्ण निथळू द्या. कुंडी उचलणं शक्य नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार-पाचदा हळूहळू पाणी मुरवा.

फळं फुटण्याचं कारणही पाण्यातच आहे. दोन-तीन दिवस ओढ दिली आणि मग एकदम भरपूर पाणी घातलं की पिकत आलेलं फळ आतून फुगतं, सालीला तेवढा ताण झेपत नाही. फुटलेल्या फळात माश्या आणि यीस्ट शिरतात आणि ते आंबतं. पिकायच्या दिवसांत पाणी थोडं कमी करावं म्हणजे गोडी वाढते, हा सल्ला जमिनीतल्या झाडाला लागू पडतो. कुंडीत, भर उन्हाळ्यात, तो पाळायला जाऊ नका. ओल कमीजास्त न होता एकसारखी राहिली पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा.

खताचं आता थोडक्यात, कारण तुमच्या झाडाला ते आधीच जास्त झालं आहे. पानं मोठी, गडद, मऊ. दोन पानांमधली पेरं लांब. हे नत्र (नायट्रोजन) जास्त झाल्याचं चित्र आहे. झाड पालवी फोडण्यात रमतं आणि पिकवणं लांबणीवर टाकतं. कुंडीतल्या झाडाची फांदी एका हंगामात ३० ते ६० सेंटिमीटर वाढली तर ते समाधानकारक आहे. त्याहून कमी असेल तरच खत वाढवा. कंपोस्ट आणि थोडं संतुलित खत वाढीच्या सुरुवातीला द्या, फळं दिसू लागली की नत्र थांबवा, त्यानंतर फक्त पालाश (पोटॅश), तेही बेताने. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर तो क्षारांचा आहे. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाइतकं साधं पाणी सावकाश सोडून ते धुऊन काढा.

पानांना जपायचं म्हणजे दोन गोष्टी. पहिली, फळाला ऊन मिळावं म्हणून पानं तोडू नका. फळाशेजारचं पान हीच त्याची शिदोरी. दुसरी, दुपारच्या उन्हापासून थोडी सावली. अंजिराला ऊन भरपूर हवं, सहा ते आठ तास, हे खरंच. पण ४० अंशांच्या पुढे सगळं ऊन उपयोगाचं राहत नाही. इतक्या उष्णतेत फळं अवेळी रंग धरतात, लहान आणि चिवट राहतात, चव बसत नाही. उष्ण कोरड्या वाऱ्यात तर पाणी व्यवस्थित असूनही गळतात. तुमची आतून कोरडी निघणारी फळं याच प्रकारची. पश्चिमेच्या बाजूने ३० ते ३५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट उभी बांधा, म्हणजे सकाळचं ऊन पूर्ण मिळेल आणि दुपारनंतरचं गाळून येईल. ५० टक्क्यांची किंवा त्याहून दाट जाळी नको; फांद्या लांबट होतात आणि फळ पाणचट. गरम वारा ज्या दिशेने येतो तिकडे एखादा आडोसा करा. उघड्या खोडाला चुन्याचा हात दिला की सालही भाजत नाही.

फळांची संख्या आवरायला बहुतेकांचं मन धजत नाही, पण कुंडीत ते करावंच लागतं. हंगामाच्या सुरुवातीला नव्या फांदीवर ५-६ पानं आली की शेंडा खुडा. झाडाची ताकद पुढे पळण्याऐवजी फळांकडे वळते. हे उष्णतेच्या लाटेत करू नका, त्याआधी उरका. मग फांदीवर खालची ५-६ फळं ठेवा आणि शेंड्याजवळची उशिरा आलेली बारीक फळं काढून टाका, ती तशीही पिकत नाहीत. खालची आधी लागलेली, तीच आधी पिकतात.

तेलाच्या थेंबाबद्दल नेहमी विचारलं जातं. फळाच्या टोकावरच्या छिद्राला ऑलिव्ह तेल लावून अंजीर लवकर पिकवण्याची रीत भूमध्य समुद्राच्या काठावर फार जुनी आहे, आणि ती खरोखर चालते. तेलामुळे फळात इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, तयार व्हायला चालना मिळते आणि तिसरा टप्पा लवकर सुरू होतो. पण वेळ साधली पाहिजे. मधली थांबलेली अवस्था संपत आलेली असावी. हिरवा रंग किंचित फिका व्हायला लागलेला, छिद्राभोवती पिवळसर किंवा गुलाबी झाक. अशा फळाला कापसाच्या काडीने एकच थेंब लावा. आठवड्याभरात बहुधा फरक दिसतो. कच्च्या फळाला लावलं तर ते मऊ पडेल, पण बेचव राहील किंवा गळेल. चव झाडावर सावकाश पिकलेल्या फळाच्या किंचित मागेच राहते, म्हणून मी हे हंगामाच्या शेवटी, पाऊस किंवा थंडी तोंडावर आली असताना आणि फळं अडकलेली असतानाच करतो. भाजलेल्या मुळांवर हा इलाज नाही.

तोडणीची घाई झाली तर वर्षभराचं सगळं वाया जातं. झाडावरून काढलेलं कच्चं अंजीर घरात मऊ होईल, पण गोड होणार नाही. पिकलेलं फळ मान टाकतं. देठाजवळून वाकून खाली लोंबतं. दाबलं की मऊ लागतं, सालीवर बारीक चिरा उमटतात, काही जातींत टोकाशी मधासारखा थेंब येतो. देठातून पांढरा चीक आला तर फळ लवकर तोडलं असं समजा. सकाळी तोडा, देठासकट. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. चीक हाताला लागू देऊ नका हेही सांगून ठेवतो: त्यातल्या द्रव्यांमुळे, त्वचेवर पुढे ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. छाटणी करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

पिकणाऱ्या फळांवर पक्षी, मुंग्या, फळमाश्या आणि बारीक भुंगेरे सगळे टपलेले असतात. भुंगेरे छिद्रातून आत शिरतात आणि सोबत यीस्ट नेतात, फळ बाहेरून धड दिसतं आणि आतून आंबलेलं असतं. रंग बदलायला लागला की प्रत्येक फळाला जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा. प्लास्टिकची नको, आत घाम धरून फळ सडतं. कुंडीखालच्या विटा पाण्याच्या थाळीत ठेवल्या की मुंग्यांची वाट बंद होते. थाळीतलं पाणी कुंडीच्या तळाला लागता कामा नये आणि डास होऊ नयेत म्हणून ते दर दोन दिवसांनी बदला. गळलेलं फळ तिथेच पडू देऊ नका.

रोग-किडींत मुख्यतः दोन मनावर घेण्यासारख्या. कोरड्या उष्ण दिवसांत लाल कोळी: पानावर फिकट ठिपके, मागच्या बाजूला बारीक जाळं. सकाळी पानांच्या मागून जोरात पाणी मारत राहिलं की बहुतेकदा आटोक्यात येतो. दमट दिवसांत तांबेरा: वरून पिवळे ठिपके, खालून तपकिरी भुकटी, आणि पानगळ. पानगळीबरोबर फळं अडकतात, म्हणून हा पिकवण्याचाच प्रश्न आहे. लागण झालेली पानं काढून दूर टाका, वरून पानांवर पाणी घालू नका. दमट हवा लागण्याआधी ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी उपयोगी पडते. फळं झाडावर असतील तर लेबलवर दिलेला, फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबण्याचा काळ पाळाच. कुंडीचा फायदा असा की सततच्या पावसात ती छपराखाली सरकवता येते. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा. भोकात तार घालून तो मारायचा, वाट बघायची नाही.

आता आणखी एक महत्त्वाची गोष्ट, जी वर सांगितलेल्या उपायांइतकीच कामाची आहे आणि फार थोडे लोक करतात: बहाराची वेळ आपण ठरवणं. अंजिराला थंडीची गरज फार कमी असते. जिथे कडाका पडत नाही तिथे झाड वर्षभर पानं धरून राहतं आणि मनाला येईल तेव्हा फळं लावतं. मग शेवटचा टप्पा नेमका सगळ्यात तापलेल्या आठवड्यांत किंवा पावसात येतो. छाटणीपासून पहिली फळं पिकेपर्यंत साधारण ४ ते ५ महिने लागतात. म्हणून उलटी मोजणी करा. कडाक्याचं ऊन सुरू होण्याच्या आधीचे आठवडे पिकण्यासाठी धरा, त्याच्या ४-५ महिने मागे छाटणी ठेवा. छाटणीआधी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा: पाणी हळूहळू कमी करत न्यायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची. जमिनीत याला आठवडे लागतात, कुंडीत काम लवकर होतं, त्यामुळे रोज लक्ष ठेवा. काडी नखाने खरवडून आत हिरवी दिसली पाहिजे, सुरकुतली असेल तर लगेच पाणी द्या. पानं गळाली की फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटा, कंपोस्ट द्या, पाणी सुरू करा. मुख्य पीक नव्या फुटीवर येतं, त्यामुळे अशी छाटणी मानवते. गेल्या वर्षीच्या काडीवर येणारी पहिली तुरळक फळं मात्र यात जातात. ज्या जातींत तीच फळं विनापरागीभवन पिकतात, उदाहरणार्थ डेझर्ट किंग, तिथे इतकं छाटू नका.

तुमच्या झाडाचा क्रम मी असा लावेन. आज संध्याकाळी गड्डा भिजतोय की नाही ते तपासा आणि गरज असेल तर बुडवून भिजवा. या आठवड्यात कुंडीला सावली, विटा, आच्छादन आणि पश्चिमेची जाळी. खत बंद. शेंड्याकडची बारीक फळं काढा, खालची राहू द्या. मुळं भाजली असतील तर त्यांना परत फुटायला वेळ लागतो, म्हणून आता अडकलेल्या फळांपैकी काही गळतीलच, पण नवी पानं निरोगी येऊ लागली की सुधारणा सुरू झाली असं समजा. कुंडी बदलणं मात्र आता उन्हात करू नका. ते पुढच्या विश्रांतीत, पानं गळलेली असताना करायचं: गड्डा बाहेर काढा, भिंतीलगत गोल फिरलेल्या मुळांची ३ ते ५ सेंटिमीटरची कड धारदार सुरीने चारी बाजूंनी कापा, तळाचीही तेवढीच, आणि ताज्या मिश्रणात पूर्वीच्याच खोलीवर बसवा. हे दर दोन-तीन वर्षांनी लागतं, कारण मुळांनी कुंडी भरली की पाणी देऊनही ती दुपारपर्यंत कोरडी पडू लागते.